तारवाळ्यात पाणी नाही

फेब्रुवारीतल्या एका दुपारी प्रेमलता चुरी अंगणातल्या मांडवावर वाळत घातलेली सुकेळी उलटत होती. सोललेल्या राजेळी केळ्यांना आता कुठे तांबूस रंग चढू लागला होता. तेवढ्यात फाटक वाजलं. बाहेर एक तरुण मुलगी उभी होती. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, पाठीवर सॅक, हातात मोबाइल.

"काकू, तुमच्या गावाची माहिती हवी होती," ती म्हणाली. "भूगोल, इतिहास, लोकसंख्या असं सगळं. मी कॉलेजात भूगोल शिकवते. अक्षया माझं नाव. आमच्या विभागातर्फे आम्ही वसईतल्या गावांची माहिती वेबसाइटवर टाकतोय."

"कोणाला हवीय ती?"

"सगळ्यांनाच. जो वाचेल त्याला."

प्रेमलताला हे उत्तर मुळीच आवडलं नाही. जो वाचेल तो कोण, हाच तर प्रश्न होता.

तारवाळं हे नाळासोपाऱ्याच्या पश्चिमेचं वाड्यांचं गाव. पलीकडे समुद्र आणि अलीकडे दरवर्षी थोड्या थोड्या पुढे सरकणाऱ्या इमारती. मधल्या पट्ट्यात केळी, पानवेली, सोनचाफा, आणि त्यांच्या आड लपलेली हिंदू नि ख्रिस्ती घरं. काही वर्षांपूर्वी दोन माणसं इथे झाडं मोजायला आली होती. पर्यावरणाचं काम आहे म्हणाली. गावाने त्यांना सरबत पाजलं, वाड्यावाड्यांतून हिंडवलं, कुठला फणस कोणाच्या आजोबांनी लावला तेही हौसेने सांगितलं. पाऊस सरला आणि त्याच झाडांमधून रस्त्याच्या आखणीचे दगड रोवले गेले. रस्ता अजून झाला नव्हता, पण दगड जागेवरच होते. त्यातला एक चुरींच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर होता. त्याच्याही आधी, प्रेमलता नवी नवरी असताना, गावातल्या विहिरींवर टँकर लागायचे आणि इथलं पाणी पूर्वेच्या इमारतींत जायचं. तेव्हा बायकांनी रस्त्यात बसून ते बंद पाडलं होतं. चौकशी करणारं माणूस दिसलं की गावाला हे सगळं आठवायचं.

तरी दारात आलेल्या माणसाला उन्हात उभं कसं ठेवायचं? प्रेमलताने तिला ओटीवर बसवलं आणि माठातलं पाणी दिलं. मुलगी ते घटाघटा प्यायली आणि तिने आणखी मागितलं.

शेजारच्या वाडीतून मार्था लोपीस कुंपणाची काठी सारून आत आली. अनोळखी आवाज ऐकून न येईल ती मार्था कसली! दोघींची लग्नं एकाच वर्षी झालेली. तेव्हापासून कुंपणात ही वाट होती.

"गावात विहिरी किती आहेत?" अक्षयाने विचारलं.

प्रेमलताने मार्थाकडे पाहिलं. प्रेमलताच्या घरची बोली वेगळी, मार्थाच्या घरची वेगळी. पण इतक्या वर्षांत दोघींना एकमेकींची बोली अशी सवयीची झाली होती की परक्या माणसासमोर त्या आपापल्या बोलीत बोलून मोकळ्या व्हायच्या. पुस्तकी मराठीवाल्याला त्यातलं चार आणेही कळत नसे.

पाण्याचं विचारतेय, प्रेमलता आपल्या बोलीत म्हणाली.

मग सांगू नको, मार्था तिच्या बोलीत म्हणाली.

"विहिरी आहेत," प्रेमलता अक्षयाला म्हणाली, "पण सगळ्या खारावल्या. समुद्र जवळ ना. वापरायच्या कामाचं पाणी नाही राहिलं."

अक्षयाने हातातल्या रिकाम्या पेल्याकडे पाहिलं. तिने मोबाइलवर टिपून घेतलं.

"आणि बावखल? ह्या भागातल्या गावांतून पावसाचं पाणी साठवणारी तळी असतात ना वाड्यांच्या मधे?"

"होतं एक," मार्था पटकन म्हणाली. "माझ्या सासूच्या वेळीच बुजलं. आता नुसता खड्डा. कचरा टाकतात त्यात."

हे ऐकून प्रेमलताही क्षणभर चमकली. घरामागे दोन वाड्या ओलांडल्या की ते बावखल होतं. काठावर उंडीची झाडं, पाण्यावर कमळं, आणि आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांचे पंप त्याच्यावर चालणारे. जमीन मार्थाचा दीर फर्डिनंड याच्या नावावर होती. तो कधीचा कॅनडात स्थायिक झालेला. बावखल मात्र सगळ्यांचं. पण मार्थाने तोंडातून काढलं ते काढलं. प्रेमलताने मान डोलावली.

"तारवाळे हे नाव कशावरून पडलं?"

प्रेमलताची सासू सांगायची, पूर्वी खाडी इथपर्यंत आत यायची आणि तिच्यात तारवं उभी राहायची, म्हणून तारवाळं. पण खाडीचं नाव काढलं की जमीन खाडीची, म्हणजे सरकारची, असं उद्या कोणी म्हणायचं. "ताराबाई नावाची एक साध्वी होती इथे," ती म्हणाली. "तिच्यावरून."

"पोर्तुगीजांच्या आधी की नंतर?"

"आधी," प्रेमलता म्हणाली. त्याच क्षणी मार्था म्हणाली, "नंतर."

अक्षया हसली. दोघी हसल्या नाहीत.

लोकसंख्येच्या प्रश्नावर तर पंचाईतच झाली. जास्त सांगितली तर शहर गावाला गिळेल, कमी सांगितली तर शाळा बंद पडेल. दोघींनी आपापल्या बोलीत बराच खल केला आणि शेवटी "हजाराच्या आतबाहेर" यावर तडजोड झाली.

"त्या कडेच्या चाळींतली माणसं धरून?"

"ती भाडेकरू. ती गावातली नाहीत," प्रेमलता म्हणाली. निदान हे उत्तर तरी तिला खरं वाटत होतं.

निघताना प्रेमलताने विचारलं, "तू राहतेस कुठे?"

"मी मूळची साताऱ्याची," अक्षया म्हणाली आणि चप्पल घालून घाईने निघून गेली.

ती खरी कुठे राहते, याचा आठवडाभरात मार्थाने शोध लावला. मार्थाला स्टेशनवर सोडणाऱ्या रिक्षावाल्यानेच त्या मुलीलाही सोडलं होतं, पुलापलीकडे, पूर्वेच्या आचोळ्याला. तिथल्या एका सोसायटीच्या फाटकाशी.

"बघ!" मार्था म्हणाली. "साताऱ्याची म्हणे. आचोळ्याची आहे ती. त्यांच्याकडे टँकर येतात. विहिरी कशाला मोजत होती, कळलं?"

प्रेमलता घाबरली, आणि आपण खोटं सांगितलं याचं समाधानही वाटलं. नवरा पांडुरंग पानवेलींच्या काड्या बांधत बसला होता. तो कमी बोलणारा माणूस. एवढंच म्हणाला, "खोटं बोलायची काय गरज होती? सांगायचं नव्हतं तर दार लावायचं."

"झाडवाल्यांना खरं सांगितलं होतं. काय मिळालं? दगड!"

पांडुरंगने पुढची काडी बांधायला घेतली.

एप्रिल संपता संपता मातीचे डंपर आले. प्रेमलता पंप चालू करायला बावखलाकडे गेली तर पश्चिमेच्या काठावर लाल मातीचा डोंगर झालेला, आणि एक जेसीबी ती माती पाण्यात लोटत होता. उंडीचं एक झाड आडवं पडलं होतं. ती ओरडत धावली. मागोमाग पांडुरंग आला, इतर वाड्यांतली माणसं आली. जेसीबी थांबला. झाडाच्या सावलीतल्या गाडीतून एक तरुण उतरला. पांढरा शर्ट, हसरा चेहरा.

"नमस्कार. मी संकेत. साइटचं काम बघतो," तो म्हणाला. "जागा रीतसर खरेदी झालीय. मूळ मालक फर्डिनंड लोपीस यांनी विकली. तुम्हाला काही शंका असेल तर ऑफिसला या."

"हे बावखल आहे!" पांडुरंग म्हणाला. त्याचा आवाज चढलेला गावाने क्वचितच ऐकला होता. "ते बुजवता येत नाही."

"काका, कागदावर इथे बावखल नाही. पडीक खड्डा आहे. आणि ते मी नाही म्हणत." संकेतने मोबाइल काढून पुढे धरला. "तुमचंच गाव म्हणतंय."

स्क्रीनवर तारवाळ्याचं पान होतं. वर समुद्राचा फोटो. खाली भूगोल, इतिहास, लोकसंख्या. साध्वी ताराबाईचा उल्लेख होता. विहिरी खारावल्याचं होतं. आणि एक वाक्य होतं: ग्रामस्थांच्या सांगण्यानुसार गावातील एकमेव बावखल पूर्वीच बुजले असून आता तेथे कचऱ्याचा खड्डा आहे.

माणसं आळीपाळीने वाचत होती. कोणीतरी मोठ्याने विचारलं, "कोण हे ग्रामस्थ?" प्रेमलताने पदर घट्ट ओढून घेतला.

त्या दिवशी काम थांबलं. पण ते तात्पुरतं होतं. गावाने तहसील कचेरीत अर्ज दिला, सुनावणीची तारीख पडली. तोवर संकेतने जागेला पत्रे ठोकले आणि दारावर रखवालदार बसवला.

संध्याकाळी ओटीवर माणसं जमली तेव्हा एकाच नावाची चर्चा होती. ती आचोळ्याची मुलगी. ती आली आणि दोन महिन्यांत डंपर आले. ती बिल्डरची माणूस असणार. मुद्दाम तसं लिहिलं असणार. प्रेमलता चहाचे कप भरत होती. तिच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं.

बावखल बुजलं असं मुलीने नाही लिहिलं. ते मार्था म्हणाली. न विचारता, पटकन. जमीन मार्थाच्या दिराची. आणि आज, सगळं गाव जमलं असताना मार्था नव्हती. तिच्या घराला कुलूप होतं. विरारला बहिणीकडे गेली आहे असं कोणीतरी म्हणालं.

सगळे गेल्यावर पांडुरंग म्हणाला, "ग्रामस्थ म्हणजे तू ना?"

तिने मान डोलावली.

"मग त्या मुलीकडे जा. हाताने मारलेली गाठ आता दाताने सोडवायला लागणार."

रिक्षावाल्याला विचारून प्रेमलता आचोळ्याला पोचली. सोसायटीच्या जिन्यात प्रत्येक दाराबाहेर निळे ड्रम होते. अक्षयाने दार उघडलं, तिला ओळखलं आणि दार अर्धंच धरून ठेवलं.

"माझा पत्ता कोणी दिला?"

"रिक्षावाल्याने. आत येऊ?"

घर छोटं आणि नीटनेटकं होतं. अक्षयाने तिला खुर्ची दिली, पण स्वतः उभीच राहिली. प्रेमलताने सगळं सांगितलं. बावखल आहे, विहिरी गोड आहेत, साध्वी कोणी नव्हती. पानावरचं ते वाक्य बदलून दे.

अक्षयाने ऐकून घेतलं. मग मोबाइल काढून टेबलावर ठेवला. "मी रेकॉर्ड करतेय. चालेल ना? कारण मागच्या वेळी तुम्ही नेमकं उलटं सांगितलंत."

"चालेल."

"काकू, तुम्ही खोटं बोलताय हे मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही दिलेलं पाणी गोड होतं. खाऱ्या पाण्यावर पानवेल जगते का? पण मी काय लिहिणार? गावातल्या दोन बायका एकमुखाने सांगतात, तर त्या म्हणतात म्हणून लिहिलं. 'ग्रामस्थांच्या सांगण्यानुसार' हे शब्द त्यासाठीच घातले."

"बावखल बघायला यायचं होतंस."

"आले होते. परत एकदा आले होते. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी चार माणसांनी अडवलं. कोणाची, कशाला आलीस, फोन दाखव. मी परत फिरले." तिने मोबाइल जरा पुढे सरकवला. "आणि आता तुम्ही येऊन म्हणता, बावखल आहे. उद्या दुसरं कोणी येऊन म्हणेल, नाहीये, चुरींचं लोपिसांशी भांडण आहे म्हणून त्या तसं म्हणतात. मी कोणावर विश्वास ठेवू?"

प्रेमलता भिंतीकडे बघत म्हणाली, "तू पण आचोळं लपवलंस."

अक्षया खुर्ची ओढून समोर बसली. "हो. त्याआधी एका गावात सांगितलं होतं. म्हाताऱ्या आजींनी अंगावर बादली रिकामी केली. म्हणाल्या, घे, हे पण घेऊन जा तुझ्या टँकरात." ती किंचित हसली. "आमच्याकडे टँकर येतो. तीन दिवसांनी. त्याचं पाणी कुठून येतं ते मला माहीत नाही. विचारायचं धाडस होत नाही."

खाली कोणाचा तरी ड्रम सरकवल्याचा आवाज येत होता. शेवटी अक्षया म्हणाली, "तुमच्या नुसत्या शब्दावर मी काही बदलणार नाही. पुरावा दाखवा. फोटो आहे? पाणी भरलेलं असतानाचा?"

प्रेमलताने आठवून पाहिलं. लग्नांचे फोटो होते, गणपतीचे होते, जत्रेचे होते. बावखलाचा एकही नव्हता. रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या गोष्टीचा फोटो कोण काढतं?

रविवारी अक्षया तारवाळ्यात आली. ह्या वेळी प्रेमलता तिच्यासोबत गल्लीच्या तोंडापासून चालत होती. दारादारातून माणसं पाहत होती. कोणी हाक मारली नाही. पत्र्यांच्या पलीकडे जाता येईना. रखवालदार जागचा हलला नाही. दोघी पत्र्याच्या फटीतून डोकावल्या. अर्धं बावखल मातीखाली होतं. उरलेल्यात उन्हाळ्याचं हिरवट पाणी चिखलासारखं दिसत होतं. संकेत म्हणाला तसा खड्डाच तो.

"असं बघून कोणी म्हणणार नाही की हे तळं आहे," अक्षया म्हणाली. तिच्या आवाजात परत तीच शंका होती.

चाळींच्या बाजूने एक बाई कपड्यांची बादली घेऊन येत होती. पिंकी तिचं नाव. नवरा कामणच्या गोदामात कामाला. ती चाळीत आल्यापासून प्रेमलता तिला रोज बघत होती, पण दोघींचं बोलणं कधी झालं नव्हतं. पिंकी थांबली.

"बंद केलं ना त्यांनी?" ती म्हणाली. "अच्छी जगह होती. माझी पोरं तिथेच खेळायची."

"तुमच्याकडे जुना फोटो आहे का तिथला?" अक्षयाने विचारलं.

"फोटो? व्हिडिओ आहेत. रील बनवते ना मी." पिंकीने बादली खाली ठेवली. मग प्रेमलताकडे बघून तिचा हात थबकला. "पण का पाहिजे? उद्या पोलीस बोलावतील, चाळवाली कशाला घुसली म्हणतील. मागे ह्यांनीच माझ्या पोरांना हाकललं होतं तिथून. गावच्या पोरांसाठी आहे म्हणाल्या."

प्रेमलताला आठवलं. ती खरंच तसं म्हणाली होती.

"हाकललं होतं," ती म्हणाली. "चुकलं माझं. पण आता ते कोणाच्याच पोरांना उरणार नाही. दाखव बाई."

पिंकीने थोडा वेळ तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग फोन काढला. श्रावणातला व्हिडिओ होता. हिरवी साडी नेसून पिंकी उंडीखाली गिरक्या घेत होती आणि तिच्या मागे काठोकाठ भरलेलं बावखल, पांढरी कमळं, पलीकडे चुरींच्या पंपाची खोली. दुसरा व्हिडिओ गणपती विसर्जनाचा. तिसऱ्यात पांडुरंग स्वतः पाइप ओढत होता. त्याला कळलंही नव्हतं की आपण कोणाच्या व्हिडिओत आहोत.

अक्षयाने सगळे व्हिडिओ स्वतःकडे घेतले, तारखा तपासल्या, पंपाच्या खोलीचा आत्ताचा फोटो काढून जुन्याशी ताडून पाहिला. मगच म्हणाली, "आता मी लिहीन. सुनावणीलाही येईन. पण तिथे तुम्हाला स्वतः सांगावं लागेल की आधी खोटं सांगितलं. आणि दुसऱ्या ज्या होत्या, त्यांनाही."

मार्था विरारहून परतली होती. प्रेमलता कुंपणातून न जाता रस्त्याने गेली आणि पुढच्या दाराने आत शिरली. मार्था सोनचाफ्याच्या कळ्या पानांत बांधत होती. बाजारात पाठवायच्या होत्या. तिने वर पाहिलं नाही.

"तू मुद्दाम बोललीस का?" प्रेमलताने विचारलं.

"तू विहीर खारी सांगितलीस ती मुद्दामच ना?"

"माझं वेगळं."

"का वेगळं?"

"माझी विहीर कोणी विकायला काढली नव्हती."

मार्थाचे हात थांबले. भिंतीवर येशूच्या तसबिरीपुढे दिवा जळत होता. "म्हणजे तुला वाटतं मी फर्डिनंडला सामील आहे."

"मला काय वाटतं ते सोड. गाव जमलं तेव्हा तू कुठे होतीस?"

"बहिणीकडे."

"कुलूप लावून?"

"हो. कुलूप लावून!" मार्था उठली. कळ्या जमिनीवर सांडल्या. "तो माझ्या नवऱ्याचा भाऊ आहे. नवरा गेला तेव्हा ह्या घराचं छप्पर त्याने घातलं. मी त्याच्याविरुद्ध कुठे उभी राहू? तूच सांग."

"सुनावणीला ये," प्रेमलता म्हणाली. "एवढंच सांगायला आले."

प्रेमलता आली तशी रस्त्यानेच परतली. त्या आठवड्यात कुंपणातल्या वाटेने कोणीच गेलं नाही. रात्री जेवताना पांडुरंगने विचारलं, "येईल ती?" प्रेमलताला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. इतक्या वर्षांची ओळख असून आपल्याला हे सांगता येत नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं.

सुनावणीच्या दिवशी कचेरीच्या व्हरांड्यात गाव बसलं होतं. पिंकीही नवऱ्याला रजा टाकायला लावून आली होती. अक्षया बाकाच्या टोकाला एकटीच. तिच्याशी अजून कोणी मोकळेपणाने बोलत नव्हतं. मार्थाचा पत्ता नव्हता.

आत अधिकाऱ्यांनी अक्षयाचं ऐकलं, व्हिडिओ पाहिले. संकेतच्या बाजूने आलेल्या वकिलाने मग प्रेमलताला समोर बोलावलं.

"बावखल नाही, असं तुम्ही फेब्रुवारीत सांगितलंत?"

"माझ्यासमोर सांगितलं गेलं. मी मान डोलावली."

"विहिरी खाऱ्या आहेत, असं सांगितलंत?"

"हो. ते मीच सांगितलं."

"ती साध्वी ताराबाई?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. प्रेमलता मान वर करून म्हणाली, "तीही मीच."

"म्हणजे तुम्ही सहज खोटं बोलता. तेव्हा खोटं बोललात, मग आज खरं बोलताय हे कशावरून मानायचं?"

प्रेमलताने अधिकाऱ्यांकडे पाहिलं. "साहेब, तेव्हा आपलं बोलणं कुठे जाणार ते माहीत नव्हतं. भीती होती. आज भीती वाटत नाही असं नाही. पण आज कोणापुढे बोलतेय ते मला दिसतंय."

वकील काही विचारणार तोच दारात हालचाल झाली. मार्था आत आली. चर्चला जाताना नेसायची साडी नेसली होती, हातात पर्स घट्ट धरलेली. तिने प्रेमलताकडे पाहिलं नाही. सरळ टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"मी मार्था लोपीस. जमीन विकणाऱ्याची वहिनी," ती म्हणाली. "बावखल बुजलं असं त्या मुलीला मी सांगितलं. ते खोटं आहे. लग्न होऊन आले तेव्हा त्यात पाणी होतं, आणि ह्या एप्रिलपर्यंत माझा पंप त्याच्यावर चालत होता. माझ्या दिराला पण हे ठाऊक आहे. तो त्यातच पोहायला शिकला."

अधिकाऱ्यांनी तिचं म्हणणं लिहून घ्यायला सांगितलं. मार्थाने त्यावर सही केली.

निकाल महिन्याभराने आला. भराव थांबवायचा, टाकलेली माती काढायची. माती काढणं काही पुरतं झालं नाही. थोडी काढली, मग पाऊस लागला, मग कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या, आणि पश्चिमेचा काठ तसाच बुजलेला राहिला. पण पत्रे निघाले. उरलेल्या अर्ध्यात पाणी चढलं. अक्षयाने पान नव्याने लिहिलं. खाडी आली, तारवं आली, चाळींतली घरंही आली. गावातल्या काहींना हे पसंत पडलं नाही. आता सगळ्या जगाला आपलं पाणी कळलं, हे प्रेमलताचं काम, असं ते पाठीमागे म्हणत. ते तिच्या कानावर यायचं. त्यांना चूक म्हणायची तिची हिंमत नव्हती. तिला स्वतःलाही कधी कधी तसंच वाटे.

मार्था आणि ती बोलत, पण कामापुरतं. फर्डिनंडने मार्थाचे फोन घेणं बंद केलं होतं. ते गावाला तिच्या बहिणीकडून कळलं.

दसऱ्यानंतर पाऊस पूर्ण थांबला आणि वाड्यांना पाणी सोडायची वेळ झाली. प्रेमलता बावखलावर गेली तेव्हा मार्था काठावर आधीच बसली होती. मातीच्या बाजूला गवत उगवलं होतं. प्रेमलता थोड्या अंतरावर टेकली.

मार्था आपल्या बोलीत म्हणाली, "तो विकणार हे मला माहीत होतं, प्रेमा. नाताळातच फोनवर बोलला होता. कोणाला, कशासाठी, ते नाही सांगितलं. ती पोर विचारायला लागली आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. टँकरच्या भीतीने निघालं की दिरासाठी निघालं, ते अजून मला कळत नाही. रोज विचार करते."

प्रेमलता पाण्याकडे बघत राहिली. मार्थावर पूर्वीसारखा डोळे मिटून विश्वास आता बसायचा नाही, हे तिला कळत होतं. आणि त्या दिवशी कचेरीच्या दारातून आत आलेली मार्थाही तिला विसरता येत नव्हती.

ती उठली आणि पदराने हात पुसले. "पाणी निम्मं झालंय. सगळे पंप एकदम नाही चालायचे," ती म्हणाली. "आज तू लाव. माझ्या केळींना उद्या दिलं तरी चालेल."

मार्थाने मान डोलावली आणि आपल्या पंपाच्या खोलीकडे गेली.